निलगिरीखाली काही उगवत नाही: दोष रसायनाचा की सावलीचा?

निलगिरीखालची जमीन उघडीबोडकी राहते, म्हणून झाड विषारी ठरवून ते तोडायचं का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात कुऱ्हाड उचलू नका.

झाडं रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतात हे खरं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये त्याला अ‍ॅलेलोपॅथी हे नाव दिलं. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण काळ्या अक्रोडाचं. त्याच्या मुळांत, पानांत आणि फळांच्या सालीत असतं ते द्रव्य तसं निरुपद्रवी, पण हवा लागली की त्याचं जुग्लोन नावाचं विष होतं. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची यांना ते सोसत नाही. माती ओली असूनही रोपं माना टाकतात. कांदा, बीट, मका मात्र तिथंच तग धरतात.

निलगिरीच्या पाल्यातही वाढ रोखू शकणारी फिनॉलिक आम्लं आणि उडून जाणारी तेलं असतात. पण यावरचे कित्येक प्रयोग पानांचा दाट अर्क बशीतल्या बियांवर ओतून केलेले आहेत. खऱ्या जमिनीत तो अर्क पावसानं पातळ होतो, मातीला चिकटतो, जिवाणू त्याचा फडशा पाडतात.

कॅलिफोर्नियात सुगंधी झुडपांभोवती गवत नसलेले पट्टे दिसायचे. १९६४ मध्ये म्युलर यांनी त्याचं कारण झुडपांच्या तेलांची वाफ असं मांडलं. पुढे १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी त्याच पट्ट्यांत जाळीचे पिंजरे ठेवले, तर आत गवत उगवलं! झुडपात लपणारे उंदीर-ससे ते फस्त करत होते. (वाद तेवढ्यावर मिटला नाही, हा भाग वेगळा.)

तेव्हा आधी पाचोळ्याचा थर बाजूला करा आणि वीतभर खणून ओल बघा. वरच्या थरात मुळांचं जाळं आणि माती कोरडी ठणठणीत असेल, तर माझा पहिला संशय पाण्याच्या कमतरतेवर. मग झाडाखालची आणि लांबची माती दोन कुंड्यांत भरा, एकाच उजेडात ठेवा, सारखं पाणी द्या, एकच बी पेरा. दोन्हीकडे सारखंच उगवलं तर अडचण बहुधा सावली किंवा मुळांची. बहुधा म्हणतो, कारण जिवंत मुळांतून सतत झिरपणारं रसायन कुंडीत येत नाही.

आणि झाड अक्रोडाचं असेल, तर ते तोडूनही लगेच टोमॅटो लावू नका. जमिनीत राहिलेली मुळं कुजेपर्यंत जुग्लोन येत राहतं.