कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला सोडण्यापेक्षा सगळं सांगली-साताऱ्याला का देत नाहीत?

देतात, पण सगळं नाही. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, काठोकाठ भरला की १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा होतो. त्यातलं विजेसाठी पश्चिमेला किती वळवायचं, यावर कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी आधी विजेच्या वाट्याला कात्री लागते आणि पाणी सिंचनाकडे जातं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांची भिस्त बरीचशी त्यावरच असते.

तुमच्या प्रश्नात पश्चिमेचं पाणी 'वाया जातं' असा सूर आहे, तो मात्र मला पटत नाही. कोयना सह्याद्रीच्या माथ्यावरून वाहते आणि पलीकडे लगेच कडा तुटतो. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पाणी सुमारे ४७५ मीटरवरून पडतं. माझ्या ढोबळ हिशेबाने एका टीएमसीमागे तीन कोटी युनिट निघतात. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहातून पूर्वेला सोडलं तर जेमतेम साठ-सत्तर मीटर उंची मिळते, म्हणजे वीज सातव्या-आठव्या हिश्श्यावर. बातम्यांत 'पायथ्यातून २१०० क्युसेक विसर्ग' वाचता ना, ती तिथली दोन जनित्रं, प्रत्येकी २० मेगावॅटची. प्रकल्प एकूण १९६० मेगावॅटचा आहे!

शिवाय ही वीज वेळेला धावून येते. संध्याकाळी मागणी चढली की कोयनेचे संच काही मिनिटांत भार उचलतात. कोळशाचा संच बंद असेल तर त्याला तास लागतात. हजार मेगावॅटचा चौथा टप्पा मुख्यतः याच कामाचा. त्याच्यासाठी १९९९ साली भरल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा उघडला, ते लेक टॅपिंग.

पश्चिमेला गेलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवून अलोऱ्याला पुन्हा वीज करतात, मग अवजल, म्हणजे वीज करून बाहेर पडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीत जातं. उन्हाळ्यात चिपळूणच्या नदीला जे पाणी दिसतं ते बरंचसं हेच. निर्मिती थांबली की तिथे टंचाईची ओरड सुरू होते.

हे अवजल उपसून परत घाटावर आणा, असंही कोणी सुचवतं. पण तेवढं चढवायला ते पडताना मिळाली त्याहून जास्त वीज जाळावी लागेल. खाली कोकणातच वापरायचं म्हटलं तर बोलण्यात अर्थ आहे.