जूनच्या सुरुवातीला फ्रेंच आल्प्समधल्या शामोनीहून लाक ब्लां तलावापर्यंत साध्या ट्रेकिंगच्या बुटांवर जाता येईल का?

नाही, तेव्हा जाऊ नका. जुलैच्या मध्यानंतर जा. तलाव २,३५२ मीटरवर आहे आणि शेवटच्या चढावर बहुतेक वर्षी जूनअखेरपर्यंत बर्फ टिकतो. सकाळी तो काचेसारखा टणक असतो, दुपारी त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तलावही बऱ्याचदा गोठलेलाच, म्हणजे ज्यासाठी एवढं चढायचं ते माँ ब्लां रांगेचं प्रतिबिंब दिसतच नाही. जुलैत शामोनीजवळच्या ले प्राझ गावाहून रोपवेने ला फ्लेजेर (१,८७७ मीटर) गाठा, पुढे दीड-दोन तासांची चढण. तलावाकाठच्या रेफ्युजमध्ये (डोंगरातल्या निवाऱ्यात) मुक्काम करायचा तर जागा आधीच राखून ठेवा. आर्जांतियेर गावाच्या बाजूने येणाऱ्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. उंचीची भीती असेल तर ती वाट टाळा. बर्फ कमी पडलेल्या वर्षी मात्र वाट लवकर मोकळी होते, त्यामुळे निघण्याआधी शामोनीतल्या पर्वतमाहिती केंद्रात विचारून घ्या.