टर्बो बदलायच्या आधी होज बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, माझी 2013 ची स्विफ्ट डिझेल आहे, रनिंग 1 लाख 40 हजार. महिनाभरापासून गाडीचा दमच गेलाय. मेढ्यावरून केळघर घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढत नाही, मागे काळाकुट्ट धूर, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. चेक इंजिनची लाइट मधेच लागते मधेच जाते. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला. बदलायचाच असेल तर मोठा टर्बो टाकून रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) पण करून घेऊ का? घरी थोडंफार काम मी स्वतः करतो. — एक वाचक, सातारा

उत्तर : अहो थांबा, एवढ्यावर लगेच टर्बो कशाला बदलताय! टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. काळा धूर म्हणजे डिझेल पडतंय पण हवा कमी पडतेय, आणि शिट्टी म्हणजे बहुतेक दाबाखालची हवा कुठूनतरी पळतेय. टर्बोचं सील गेलं असतं तर धूर निळसर दिसला असता आणि ऑइल कमी होत गेलं असतं. तसं असेल तर मात्र गाडी अजिबात चालवू नका, कारण डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून रेस होत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. चुकून झालंच तर ब्रेक दाबून धरायचा, टॉप गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

आता इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी होज (पाइप) हाताने दाबत, पिळत जा, खालच्या बाजूनेही, कारण चीर नेमकी तिथेच असते आणि वरून बघितलं तर होज एकदम नवा वाटतो. बाहेरून तेलकट काळा डाग दिसला की समजा हवा तिथूनच जातेय. होजच्या आत थोडं ऑइल असतंच, त्याने घाबरू नका. डोळ्याला काही सापडलं नाही तर पीव्हीसी पाइपच्या एंड कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून ती कॅप टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळा, ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ त्या पाइपात आणणारी) काढून दोन्ही तोंडं बंद करा आणि हवा भरा. पण 10 पीएसआयच्या वर जायचं नाही हं. जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे सांगतील. होज आणि क्लॅम्पचा खर्च टर्बोच्या मानाने काहीच नाही.

पाइप काढलाच आहे तर टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) पण बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर ठीक, तो ऑइलच्या थरावरच तरंगत फिरतो. पण आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर गॅरेजवाला बरोबर. सगळं ठीक निघालं तर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड दाखवणारा) लावून कोड वाचा, पी0299 म्हणजे बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) कमी. मग वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघड्या स्थितीत अडकलंय का, काजळीने ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) चिकटलाय का, मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) काळा पडलाय का, एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे बघायचं.

रिमॅपचं म्हणाल तर लीक काढल्याशिवाय विषयच नको, नाहीतर धूर अजून वाढेल आणि पीयूसीला अडकाल ते वेगळंच. तुमचं 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन 75 पीएस ताकदीचं आणि 190 एनएम टॉर्कचं आहे. काही जण 90 पीएसवाल्या इंजिनाचा टर्बो आणून लावतात, पण तो व्हेरिएबल जॉमेट्रीचा (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा), तुमच्या ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तो चालवताच येत नाही. वेस्टगेटचा रॉड आवळून बूस्ट वाढवायचा जुगाड तर करूच नका, बूस्ट हद्दीबाहेर गेलं की ईसीयू डिझेल कापतो आणि गाडी आहे त्यापेक्षा मंद होते. शिवाय 1 लाख 40 हजार चाललेला क्लच जास्तीचा टॉर्क झेलेल याची गॅरंटी कोण देणार? माझं मत विचाराल तर तेच पैसे नवा होज, ईजीआरची सफाई आणि चांगलं ऑइल यात घाला. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, ऑइल बदलायला उशीर झाला की पहिला मार त्यालाच बसतो.

प्रश्न : डिझेल गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला तर पिकअप वाढतो का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. पेट्रोल टर्बोत पाय काढला की थ्रॉटल (हवेची झडप) बंद होऊन हवा तुंबते, ती सोडायला तो लागतो, डिझेलमध्ये तशी तुंबतच नाही. बाजारात मिळतात ते फक्त फुस्स करायला. आवाजाची हौस असेल तर लावा, वरून आरटीओवाल्याशी बोलायची तयारी ठेवा.