चावी कोणाकडे?

प्रिय मुली,

प्रबंधासाठी १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय महोत्सवाची साउथ बँक, म्हणजे लंडनमधला थेम्सचा दक्षिण काठ, निवडलीस, छान केलंस. पण तुझं ते वाक्य खटकलं: ‘हुजूर पक्षाने आकसाने सगळं पाडलं, मग आपण तरी कशासाठी राबायचं?’

सगळं कुठे पाडलं? तिथला संगीताचा रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा आहे. शेजारच्या हंगरफर्ड पुलावरून दिवसभर आगगाड्या धडधडतात, म्हणून त्याचं सभागृह खांबांवर उचलून घेतलंय आणि खाली ऐसपैस फॉयर सोडलाय. तिथे जाऊन तासभर बस. तिकीट लागत नाही.

आता माझा जुनाच प्रश्न, ऐकून कंटाळली असशील तरी: दिवे मालवल्यावर चावी कोणाकडे? हॉल होता लंडन काउंटी कौन्सिलचा, पहिल्यापासून कायमचा म्हणून बांधलेला. मजूर पक्षाचे पंतप्रधान ॲटली यांनी १९४९ मध्ये त्याची कोनशिला बसवली तेव्हाच त्याला धनी होता. प्रदर्शनाचा घुमटाकार मंडप ‘डोम ऑफ डिस्कव्हरी’ ३६५ फूट व्यासाचा, तारांवर तोललेला स्कायलॉन नावाचा मनोरा सुमारे ३०० फूट उंच. लोक माना मोडेस्तोवर बघायचे. दोन्ही मुळात तात्पुरते. सप्टेंबरअखेर प्रदर्शन संपलं, महिन्याभरात चर्चिलचं हुजूर सरकार आलं, आणि पुढच्या वर्षी दोन्ही भंगारात. आकस होताच, नाही कोण म्हणतं? पण बेवारस वास्तूवर आकस काढणं फार सोपं असतं, बाई.

आणि धक्क्याची भिंत! बॉम्बने मोडलेल्या, त्याआधीच रया गेलेल्या त्या काठावर नदीच्या बाजूने नवी भिंत बांधून चालायला वाट केली. तिचं कौतुक पोस्टरवर आलं नाही. आज तू रोज जातेस ती हीच. डोमच्या जागेवर मात्र कितीतरी वर्षं गाड्या लावत होते. ज्युबिली गार्डन्स झाली ती १९७७ मध्ये.

इकडे एका नदीकाठाच्या कामात मी बैठकीत विचारलं होतं, ‘पूर ओसरल्यावर पायऱ्यांवरचा गाळ कोण काढणार? कोणत्या खात्यातून?’ सगळे हसले. पुढच्या बैठकीचं बोलावणं आलंच नाही. हेकेखोर म्हणाले, म्हणोत. काम हातचं गेलं याची हळहळ अजून आहे, कारण तिथला जुना पिंपळ मला वाचवता आला असता. पायऱ्यांवर आज गाळ आहे. आपलं खरं ठरलं याचा आनंद होऊ नये म्हणतात. मला थोडा होतो.

तर रडगाणं पुरे. कौन्सिलची दप्तरं ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये (पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज) आहेत, महोत्सव भरवणाऱ्या फेस्टिव्हल ऑफिसची क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. नकाशावरच्या एकेका वास्तूपुढे मालक कोण, देखभाल कोणाची, पैसा कुठला, हे लिही. चर्चिलवरचं प्रकरण त्यानंतर. आणि मसुदा पाठवताना पानांना आकडे घाल, मागच्या वेळी नव्हते.

तुझा,
काका