पित्तनळीतला स्टेंट काढायचा की ठेवायचा? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी खड्यांमुळे होणाऱ्या काविळीबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाताजाता स्टेंटचा उल्लेख केला, तर निम्म्याहून जास्त प्रश्न त्या एका शब्दावरच आलेत. आपल्याकडे स्टेंट म्हटलं की हार्टच आठवतं, आणि तिथला बसवलेला स्टेंट कधी काढत नाहीत हेही सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मग पित्तनळीतला (लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणारी ही नळी आवळली किंवा तुंबली की ती उघडी राहावी म्हणून आत घातलेला) काढायला बोलावलं की घरात घबराट. यावेळी फक्त तेच प्रश्न घेतो.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६१) स्वादुपिंडाला जुनी सूज आहे, त्यामुळे पित्तनळी आवळली जाऊन कावीळ झाली होती. अकरा महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून मेटलचा स्टेंट घातला. आता डॉक्टर काढायला या म्हणतात. त्रास काहीच नाहीये, मग कशाला हात लावायचा? शिवाय त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. पोट फाडावं लागेल का? – एक सूनबाई, सोलापूर

ताई, पोट फाडायचं काही नाही, जसा तोंडावाटे घातला तसाच तोंडावाटे निघतो. त्रास नाहीये म्हणूनच आत्ता काढायचा, त्रास सुरू झाल्यावर काढायला गेलं तर ताप, जंतुसंसर्ग सगळं अंगावर घेऊन जावं लागतं.

तुमच्या सासऱ्यांचा स्टेंट म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी, उघडल्यावर साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद, आणि त्या जाळीवर बाहेरून पूर्ण सिलिकॉनसारखं आवरण. या आवरणावरच सगळा खेळ आहे. आवरण असेल तर पित्तनळीचं मांस जाळीच्या भोकांतून आत शिरत नाही आणि स्टेंट सुटा राहतो, म्हणून निघतो. कॅन्सर नसलेल्या आवळलेल्या नळीत हा स्टेंट मुळात काही महिन्यांसाठीच घालतात, तोपर्यंत नळी ताणून मोठी झालेली राहावी म्हणून. स्वादुपिंडाच्या सुजेत १० ते १२ महिने ठेवतात, लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर जोडाच्या जागी आवळलं असेल तर सहसा त्याहून कमी. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी बरोबर वेळेला बोलावलंय.

पूर्वी यासाठी प्लॅस्टिकचे बारीक स्टेंट शेजारीशेजारी दोन-तीन घालायचे आणि दर तीन महिन्यांनी बदलायचे, वर्षभर पेशंटची वारी चालायची. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ११२ पेशंटांवरच्या अभ्यासात दिसलं की आवरणवाल्या मेटल स्टेंटने नळी तितकीच चांगली उघडते आणि दुर्बिणीच्या फेऱ्या कमी लागतात. स्टेंट महाग पडतो, पण फेऱ्या वाचतात.

काढताना काय करतात ते सांगतो. सहा-आठ तास उपाशी ठेवतात, भूलतज्ज्ञ शिरेतून झोपेचं औषध देतात, आणि बाजूने बघणारी दुर्बीण अन्ननलिकेतून जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. तिथे पित्तनळीच्या तोंडातून स्टेंटचं टोक बाहेर आलेलं दिसतं. बऱ्याच स्टेंटना त्या टोकाला दोऱ्याचा फास असतो, पिशवीची नाडी असते ना तसा, तो चिमट्याने धरून ओढला की टोक आवळतं आणि स्टेंट बारीक होऊन सरकत बाहेर येतो. फास नसेल तर टोकाभोवती तारेचा फास टाकतात. मग नळीत औषध सोडून एक्सरेवर बघतात की आवळलेली जागा उघडली का, आत गाळ किंवा खडे असले तर फुग्याने ओढून काढतात. सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या तासाच्या आतबाहेर होतं. पोट दुखणं, स्वादुपिंडाला सूज, ताप, थोडं रक्त हे धोके असतात, म्हणून काही तास किंवा एक रात्र ठेवून घेतात.

आता गोळ्यांचं. शेजारच्यांचं ऐकून एकही गोळी बंद करू नका! नुसता स्टेंट काढणं हे रक्तस्रावाच्या दृष्टीने कमी धोक्याचं काम आहे, हार्टचा स्टेंट बंद पडणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका. कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली थांबवायची हे पोटाचे डॉक्टर आणि हार्टचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा, फोनवर बोलले तरी चालेल. आणि सासरेबुवा दारू घेत असतील तर ती बंद, नाहीतर नळी परत आवळायला फार वेळ लागत नाही. काढल्यानंतर काही महिन्यांनी लिव्हरच्या रक्ततपासण्या करायला सांगतात त्या चुकवू नका, कावीळ डोळ्यांना दिसायच्या आधी अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा चढलेला असतो.

प्रश्न : माझ्या भावाचा मेटल स्टेंट काढायला गेलो, तर डॉक्टरांनी आत अजून एक मेटल स्टेंट घातला आणि दोन आठवड्यांनी या म्हणाले!! काढायला गेलेल्या माणसाला अजून एक घालून पाठवतात, बिल डबल. हे फसवणं नाही का? – संतप्त वाचक, नाशिक

राग समजतो, पण दादा, यात फसवणूक नाही. ही पद्धत ऐकायला उलटी वाटते, तरी पूर्ण विचार करून केलेली असते, फक्त तुम्हाला आधी कुणी समजावून सांगितलं नाही ही चूक मात्र आहे.

बहुधा तुमच्या भावाच्या स्टेंटला काही भागावरच आवरण होतं, किंवा आवरण फाटलं होतं. उघड्या जाळीच्या भोकांतून मांस वाढतं आणि जाळी रुतून बसते, वडाच्या मुळ्यांमध्ये जुनं कुंपण अडकतं तसं. अशा वेळी जोर लावून ओढलं तर नळी फाटू शकते, रक्त जाऊ शकतं, तारा तुटून अर्धा स्टेंट हातात अन् अर्धा आत असंही होतं. म्हणून रुतलेल्या स्टेंटच्या आतून पूर्ण आवरणाचा दुसरा स्टेंट घालतात, तो उमलताना आत शिरलेलं मांस जाळीवर दाबतो, त्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो, ते सुकून गळतं आणि साधारण दोन आठवड्यांत जुना स्टेंट मोकळा होतो. मग दोन्ही एकाच वेळी काढतात.

म्हणून ती दोन आठवड्यांची तारीख पाळा, रागाने डॉक्टर बदलून, दुसरीकडे रांगेत थांबून तीन महिने घालवू नका, कारण नव्या स्टेंटच्या टोकांवरही मांस वाढायला लागलं तर परत तेच. डॉक्टर बदलायचेच असतील तर प्रोसिजरचा कागद आणि सीडी घेऊन आठवडाभरात जा.

प्रश्न : आईला (वय ७४) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. कावीळ उतरावी म्हणून मेटल स्टेंट घातला होता, सहा महिन्यांनी परत डोळे पिवळे झालेत. तो स्टेंट काढून नवा का घालत नाहीत? गावात काविळीची माळ घालतात, ती घातली तर चालेल का?

आईचा स्टेंट बहुतेक उघड्या जाळीचा असणार. कॅन्सरमध्ये तो जागेवर घट्ट बसावा, घसरू नये म्हणून मुद्दाम तसा घालतात, आणि तो काढायचा नसतोच. आता जाळीतून गाठ आत वाढली असेल किंवा गाळ साचला असेल, तर गाळ साफ करून जुन्याच्या आतून नवा घालतात, मेटलचा किंवा प्लॅस्टिकचा. दुर्बिणीतून जमलं नाही तर बाहेरून, लिव्हरमधून नळी घालूनही पित्त काढता येतं.

माळेबद्दल मी एरवी भांडत नाही, विषाणूची कावीळ बरीचदा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. पण ही नळी तुंबलेली आहे, माळ लांब होत जाईल आणि पित्त तिथेच अडकलेलं राहील. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या, तुंबलेल्या पित्तातले जंतू रक्तात जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्त गळत होतं म्हणून स्टेंट घातला. नंतर बदली झाली आणि काढायचा राहूनच गेला, आता अडीच वर्षं झाली. त्रास नाही. लाज वाटते जायला.

लाजू नका, असे पेशंट आम्हाला नेहमी दिसतात. तुमचा बहुधा प्लॅस्टिकचा आहे, तो सहा-आठ आठवड्यांत निघायला हवा होता, तीन महिन्यांच्या वर सहसा ठेवतच नाहीत. अडीच वर्षांत तो तुंबला असणार आणि त्याच्याभोवती खडे जमले असतील, कधी कधी तर स्टेंटवरच दगडासारखा थर चढतो. वेळेत आला असतात तर पाच-दहा मिनिटांचं काम होतं, आता खडे फोडावे लागतील, कदाचित दोन फेऱ्या होतील. तरी या आठवड्यात जा. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, ते नाही सापडलं तर जिथे घातला तिथे रेकॉर्ड मागा, स्टेंट कुठला, लांबी किती, एकच की दोन हे आम्हाला त्यातूनच कळतं.

प्रश्न : काढायची तारीख आली म्हणून एक्सरे काढला तर मेटल स्टेंट दिसतच नाही!

बहुतेक घसरून शौचावाटे निघून गेला असेल. आवरणवाले स्टेंट रुतत नाहीत तसे टिकूनही बसत नाहीत, ती त्यांची दुसरी बाजू. एक्सरेत पूर्ण पोट आलंय ना, एवढं बघून घ्या, आतड्यात कुठे अडकलेला नको. मग लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करा. नळी नीट उघडलेली असेल तर परत घालायची गरज पडणार नाही.