दोन वह्या

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. पाच आठवड्यांपूर्वी तू दूध, दही, तूप, अंडी सगळं सोडलंस. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो उतरले, मग बारा दिवस काटा अडुसष्टवरच अडला. परवा ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाला पनीरचे चार तुकडे तोंडात गेले आणि तू रात्री रडत बसलीस. आणि मला विचारतेस, ‘मॅडम, वजन उतरतच नसेल तर व्हीगन राहून उपयोग काय?’

या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. तू माझ्याकडे दोन वर्षं हिशेब शिकलीस. दोन दुकानांचा व्यवहार एकाच किर्दीत लिहिला तर काय होतं, हे तुला मी सांगायला नको. कुठलं दुकान चालतंय आणि कुठलं बुडतंय ते कळेनासं होतं, आणि शेवटी माणूस वैतागून चालतं दुकान बंद करतो. तू नेमकं तेच करायला निघाली आहेस. जनावराला त्रास नको म्हणून दूध सोडणं हा एक व्यवहार. वजन उतरवणं हा दुसरा. दोन वह्या ठेव.

‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला, तो जनावरांच्या शोषणात आपला वाटा नको म्हणून. बारीक होण्याशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. आपल्याकडचंच बघ ना. बटाटेवडा व्हीगन आहे. शेव, चिवडा, कांदाभजी, तेलातली साबुदाण्याची खिचडी, सगळं व्हीगन. गाईम्हशीला यातलं काही कळत नाही आणि कमरेला सगळं कळतं. तेल शेंगदाण्याचं असो की तूप म्हशीचं, चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. फोडणीला पळीभर जास्त पडलं की शंभर-सव्वाशे कॅलरी गेल्याच.

आता माझं सांगते, म्हणजे मी इतकी का चिडले आहे ते कळेल.

माझ्या माहेरी, मिरजेजवळच्या गावात, दोन म्हशी होत्या. 2006 साली एक व्याली आणि रेडकू झालं. पारडी असती तर जपली असती. रेड्याला कोण दूध पाजणार? कुणी मारलं नाही त्याला. फक्त बाजूला बांधलं, दूध कमी पडत गेलं आणि पंधरा-सोळा दिवसांत ते गेलं. मी तेव्हा माहेरीच होते. ते हंबरणं मी ऐकलं आणि दूध सोडलं. हे खरं आहे, आजही खरं आहे.

पण त्याच वर्षी धाकट्याच्या जन्मानंतर माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो झालं होतं आणि मी वहीत घासन् घास लिहायला लागले होते. तेव्हा मोबाईलमध्ये अ‍ॅप नव्हतं, पुस्तकाच्या मागच्या पानांवरचे तक्ते होते. पुढच्या वर्षी दुसरी म्हैस व्याली. आईने चिकाचा खरवस केला, गूळ आणि वेलदोडा घालून, माझ्यासाठी वेगळी ताटली काढून. मी म्हटलं, ‘त्या रेडकाच्या तोंडचं आहे ते, मला पाप वाटतं.’ आई काही बोलली नाही. ताटली झाकून ठेवली. त्यानंतर तिने खरवस कधीच केला नाही, माझ्या भावांसाठीसुद्धा नाही. दोन वर्षांनी ती गेली.

त्या सकाळी मी काट्यावर उभी राहिले होते आणि काटा अर्धा किलो वर गेला होता, म्हणून मी नाही म्हटलं. रेडकाचं नाव नुसतं पुढे केलं. त्या मुक्या जिवाच्या आडून मी कॅलरी चुकवल्या आणि आईला पापी ठरवलं. खरवस नाकारला याचं मला वाईट वाटत नाही, आजही नाकारेन. पण खरं कारण सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, ‘बरं बाई, चमचाभर घे,’ किंवा तेही म्हणाली नसती. भावांना तरी खरवस मिळाला असता. एका वहीतली नोंद मी दुसऱ्या वहीत लिहिली, ती चूक आता कुठे दुरुस्त करू?

पुढे काय झालं तेही ऐक. आठ महिन्यांत अकरा किलो उतरले. तीन वर्षांत बारा परत आले. मग मी म्हटलं, व्हीगन राहून उपयोग काय? तुझंच वाक्य, अक्षरन् अक्षर. आणि पुढची चार वर्षं मी चहा-दूध-तूप सगळं घेतलं. वजन वाढलं यात रेडकाचा काय दोष होता गं? दोन वह्या असत्या तर एक वही फाटली असती, दुसरी शाबूत राहिली असती.

तेव्हा पनीरचं असं. पहिल्या वहीत लिही: ‘आज चुकले.’ बस. दुसऱ्या वहीत अंदाजे कॅलरी लिही. रडण्याला दोन्हीकडे रकाना नाही.

आता दुसरी वही उघडू, कारण तू पाठवलेला कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपचा फोटो मी भिंग घेऊन तपासलाय. तीन दिवसांत तू आमटी सोडली आहेस. का? कारण एका वाटीला अ‍ॅपने पाचशेच्या वर कॅलरी दाखवल्या. अगं, तू शिजलेली दीडशे ग्रॅम आमटी ‘तूरडाळ’ या नोंदीखाली लिहिलीस. ती नोंद कोरड्या डाळीची आहे! कोरड्या शंभर ग्रॅम डाळीत साधारण 340 कॅलरी असतात, पण वाटीभर आमटीत कोरडी डाळ असते पंचवीस-तीस ग्रॅम, बाकी पाणी. फोडणी धरून दीडशेच्या आतबाहेर. हिशेब शिकलेल्या मुलीने एकक न बघता आकडा उतरवला आणि त्यापायी ताटातली सगळ्यात कामाची वाटी बाजूला सारली. धान्य-डाळ मोजायची ती कोरडी मोजायची, नाहीतर शिजलेल्याची नोंद शोधायची. मेसच्या डब्यात काय पडलं ते तुला मोजता येणार नाही. तिथे अंदाज धर, थोडा चढाच धर, आणि पुढे चल.

आणि दिवसाला 1100 कॅलरी हा आकडा कुणी दिला तुला? ‘लवकर’ या शब्दावर बोट ठेवलंस की अ‍ॅप असा आकडा देतं. तुझी उंची, वय, बसून काम, हे सगळं धरलं तर दिवसाला अठराशेच्या आसपास लागत असतील. त्यातून तीनशे-चारशे कमी कर, पंधराशेच्या आसपास राहा. आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच उतरतील, आणि तेवढेच उतरावेत. पहिल्या पंधरवड्यातले तीन किलो चरबीचे नव्हतेच. शरीरातला साखरेचा साठा संपतो तेव्हा त्याने धरून ठेवलेलं पाणी जातं, ग्रॅमला तीन ग्रॅमच्या हिशेबाने. ते बहुतांशी पाणी होतं. नंतरचे बारा दिवस अडलेला काटाही पाण्याचाच. पाळीच्या आधी तर किलोभर इकडेतिकडे होतंच. रोजचा आकडा लिहायचा तर लिही, पण बघायची ती आठवड्याची सरासरी, आणि तुलना चार आठवड्यांनी.

तू लिहिलंस की रात्री दोन-दोन तास पाककृतींचे व्हिडिओ बघतेस आणि त्याची लाज वाटते. लाज कसली? 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांना सहा महिने निम्म्या अन्नावर ठेवलं होतं, दिवसाला सोळाशेच्या आसपास. युद्धात माणूस मारणार नाही असं म्हणून बंदूक नाकारलेली, तुझ्यासारखीच विवेकाला जागणारी मुलं होती ती. काही महिन्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज काही उरलं नाही. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ती पुरुषमाणसं होती आणि आठवड्याला मैलोन् मैल चालत होती, पण तू तर अकराशेवर आहेस. भुकेलं डोकं असंच वागतं.

आता काढलेल्याच्या जागी काय ठेवलंस ते बघ. दिवसाला दोन पेले म्हशीचं दूध गेलं, जागी आलं बदामाचं. पाकीट उलटून वाच: पेल्यामागे जेमतेम एक ग्रॅम प्रथिन. त्या भावात ते पाणीच आहे. सोयाचं घे, सहा-सात ग्रॅम तरी मिळतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे तुला छप्पन्न. वजन उतरवताना थोडं जास्तच हवं. तुझ्या फोटोत मला तीस दिसतात. कोरडे सोयाचे गोळे तीस ग्रॅम भिजवलेस तर पंधरा ग्रॅम प्रथिन आणि शंभरच कॅलरी. मेसच्या काकूंना सांग: पोळीला तूप नको, भात निम्मा, उसळ दुप्पट. मटकी, चवळी, वाल, काहीही. त्या नाही म्हणणार नाहीत. आपलं पिठलं-भाकरी, झुणका, जवसाची चटणी, कटाची आमटी हे जन्मापासून व्हीगन आहे. त्यासाठी परदेशी पाकिटं कशाला? शेंगदाणे मात्र मोजून. मूठभर म्हणजे पावणेदोनशे कॅलरी, आणि मूठ एकावर थांबत नाही. नाचणी आणि तीळ कॅल्शियमसाठी. लोह तुझ्या वयाच्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. जेवणावर लिंबू पिळ, चहा जेवणाला लागून नको.

बी12 या जीवनसत्त्वाबद्दल मी विनंती करत नाही, बजावते. ते वनस्पतींत नाही. स्पिरुलिना या शेवाळाची पावडर विकणाऱ्यांचं ऐकू नकोस. 1944 मध्ये व्हीगन शब्द काढणाऱ्यांना हे ठाऊक असण्याची सोय नव्हती, कारण बी12 हाती लागलं 1948 मध्ये. आपल्याला ठाऊक आहे. शिवाय आपल्याकडे दूध पिणाऱ्यांचीच बोंब आहे: पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या जवळपास दोन तृतीयांश मध्यमवयीन पुरुषांत बी12 कमी निघालं होतं. तू आधीच रिकाम्या खात्यातून काढतेस. मी पहिली तीन वर्षं गोळी घेतली नाही, ‘नैसर्गिक राहायचं’ म्हणून. तळपायाला मुंग्या यायच्या, वर्गात मुलांची नावं आठवायची नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली तेव्हा थांबलं. डाव्या अंगठ्याची बधिरता मात्र अजून आहे. गोळीतलं बी12 सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात, तेव्हा पहिल्या वहीलाही ते चालतं. घे.

याच याज्ञिकांचा 2004 मधला एक फोटो प्रसिद्ध आहे, ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबतचा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. काटा हे सांगत नाही. म्हणून नुसतं खाणं कमी करून स्नायू घालवू नकोस. जिने चढ, पाण्याचे कॅन उचल, बैठका मार.

मी गेली बारा वर्षं पुन्हा दुधाशिवाय आहे. वजन सहासष्ट. लग्नात कुणीतरी म्हणतंच, ‘एवढं सगळं सोडून बारीक तर झाली नाहीस!’ मी बारीक व्हायला सोडलंच नव्हतं, निदान या खेपेला नाही. लोकांना हे पटत नाही आणि मला ते पटवायचंही नाही. पहिली वही माझी आणि त्या रेडकाची आहे. दुसरी वही माझी आणि डॉक्टरांची. तिसऱ्या कुणाला मी हिशेब देत नाही. आडमुठी म्हणतात मला, म्हणोत. चार वर्षं मी आडमुठी नव्हते, तेव्हाचीच मला लाज वाटते.

व्हीगन राहायचं की नाही हे मी सांगणार नाही. सोडायचं तर पहिल्या वहीतलं कारण देऊन सोड: ‘मला आता तसं वाटत नाही.’ मी एक शब्द बोलणार नाही. काट्याचं कारण देऊन सोडलंस तर मात्र मला कळवू नकोस.

आणि चक्कर! जिन्यात चक्कर आली हे तू पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलंस. तेच पहिल्या ओळीत हवं होतं. आज रात्रीपासून आमटी सुरू कर, अकराशेचा आकडा काढून टाक. शनिवारी हिमोग्लोबिन, बी12 आणि डी जीवनसत्त्व तपासून घे आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. पाळी चुकली असेल तर तेही सांग, लपवू नकोस. आहारतज्ज्ञाची फी जास्त वाटली तर ती मी देते, वाद नको. रक्त द्यायला उपाशी बोलावलं तर परत येताना पोहे खा, मगच खोलीवर जा. रिपोर्टचा फोटो मला पाठव. अ‍ॅपचा नको.

तुझी,
मॅडम