तिसरीतलं संशोधन आणि रविवारची पोटदुखी

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की पालकांची एक ठरावीक काळजी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, यायला लागते. शाळेतून ‘स्वतः माहिती शोधून आणा’ असा गृहपाठ येतो. मूल ढिम्म बसून राहतं, मग रडतं, आणि शेवटी आईबाबाच रात्री जागून तो पुरा करतात. आपलं मूल मागे पडतंय का, आणि आपण करून देतोय म्हणजे त्याला परावलंबी करून ठेवतोय का, हे दोन प्रश्न त्यातून येतात. विचारताना बहुतेक आयांचा आवाज खाली गेलेला असतो.

नाशिकच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला आपण ओवी म्हणू. तिसरीत, सेमी-इंग्रजी शाळेत. तिला माझ्याकडे आणलं होतं ते पोटदुखीसाठी. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागायचं, सोमवारी दुपारपर्यंत बरं वाटायचं. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून ‘शरीरात काही नाही’ असं सांगितलं होतं. (अशा तक्रारीत आधी डॉक्टर, मग समुपदेशक. हा क्रम मी कुणालाच बदलू देत नाही.)

“अभ्यासात तशी बरी आहे हो,” आई म्हणाली. “पण स्वतःहून काही शोधायचं म्हटलं की संपलं. तिच्याच वर्गातली मुलं प्रिंटआउट काढून, फाइल करून आणतात. ही नुसती बसून राहते.”

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “आम्हाला कोण होतं मदतीला? आपलं आपण केलं ना?” त्यांच्या तिसरीत असा गृहपाठच नव्हता, पाढे आणि शुद्धलेखन होतं, हे आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं. रविवारी रात्री त्या घरात काय होत असेल याचा अंदाज मला तेवढ्यावरून आला.

पुढच्या वेळी मी प्रकल्पवही मागवली. ‘महाराष्ट्रातील किल्ले : रायगड’. स्टेशनरीच्या दुकानातल्या चित्रांच्या तक्त्यातून कापलेली चित्रं, कडेला चमकीच्या पेनाची नक्षी आणि ओवीच्या गोल, नीट अक्षरात दोन पानं मजकूर. ‘सह्याद्रीच्या रांगेत वसलेला हा अभेद्य दुर्ग समुद्रसपाटीपासून...’

“छान लिहिलंयस की. अभेद्य म्हणजे काय गं?”

तिने बाबांकडे पाहिलं.

“आणि समुद्रसपाटी?”

“समुद्राजवळचं काहीतरी असतं.”

“रायगडावर गेलीयेस कधी?”

“नाही. रामशेजवर गेलेय.” आणि मग ती जी सुरू झाली! रामशेज नाशिकपासून जवळच, दिंडोरीच्या बाजूला. संभाजी महाराजांच्या काळात मुघल फौजेला कित्येक वर्षं दाद न देणारा हाच तो किल्ला. हे ओवीला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते असं: चढताना गुहेत रामाचं देऊळ आहे, मावसभावाची चप्पल तुटली, वर दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि त्यातलं पाणी हिरवंगार होतं. “मावशी, एवढं घाण पाणी सैनिक कसं प्यायचे? की तेव्हा चांगलं होतं?”

हीच ती मुलगी, जिला ‘स्वतःहून काही शोधताच येत नाही’. तिच्याकडे प्रश्न होता, निरीक्षण होतं, ‘की तेव्हा चांगलं होतं?’ ही एक शंकासुद्धा होती. मात्र तिचा प्रश्न कुणी गृहपाठात घातला नव्हता. गृहपाठात आला होता तो तिने न विचारलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर होतं तिला वाचता न येणाऱ्या भाषेत.

नेटवरून माहिती काढणं मोठ्यांना एक काम वाटतं, पण ती बरीच कामं एकात एक अडकलेली असतात. नेमकं काय शोधायचं ते ठरवा, त्यासाठी कोणते शब्द टाकायचे ते ठरवा, समोर आलेल्या पंधरा ठिकाणांतलं भरवशाचं कोणतं ते ओळखा, मोठ्यांसाठी लिहिलेला मजकूर वाचून समजून घ्या, त्यातलं कामाचं वेचा आणि शेवटी आपल्या शब्दांत लिहा. आठ वर्षांच्या मुलाचं बरंचसं बळ अजून वाचण्यातच खर्च होत असतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं, त्याचं उद्दिष्टच मुळी तिसरीअखेर मुलांना समजून वाचता यावं, हे आहे. तिसरी संपताना वयाला साजेसा अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगाने वाचता यावा, अशी त्यातली अपेक्षा. म्हणजे जे तिसरीच्या शेवटी यायला हवं, ते पक्कं आलेलंच आहे असं धरून आपण तिसरीच्या मध्यावर प्रकल्प देतो. मूल ढिम्म बसणार नाही तर काय करणार?

बाबांना आकडे आणि नियम हवे होते, आणि ते मागायचा त्यांना हक्क होता. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलं आहे. रायगडाला त्यांचा स्वतःचा शनिवार-रविवार गेला होता. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गृहपाठावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही गृहपाठ आणि अभ्यासातली प्रगती यांचा संबंध वरच्या वर्गांत ठळक आणि प्राथमिकला फिका दिसला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे नवीन ट्रेनी आला तर पहिल्याच आठवड्यात त्याला एकट्याने रिपोर्ट करायला देत नाही आम्ही. शेजारी उभं राहूनच शिकवतो.” यावर मला काही बोलावं लागलं नाही.

आईबाबांच्या संमतीने मी वर्गशिक्षिकांना भेटले. पालक अशा वेळी शाळेवर चिडलेले असतात, पण बाईंची बाजू ऐकण्यासारखी होती. वर्गात पंचेचाळीस मुलं. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत ‘प्रकल्प’ हेही एक. हेतू चांगलाच होता: मुलाला फक्त लेखी परीक्षेवर तोलू नये. पण नोंद करायची तर हातात काहीतरी हवं, मग वही येते, फाइल येते. संस्थेला प्रदर्शनात मांडायला देखण्या वस्तू हव्या असतात. “आणि मॅडम, प्रकल्प दिला नाही तर पालकच विचारतात, शाळेत काही ॲक्टिव्हिटीज होत नाहीत का म्हणून,” बाई म्हणाल्या. खरं आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी आई सगळ्यात आधी फोटो टाकते, ती बाकीच्या चव्वेचाळीस घरांची झोप उडवते.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. वर्गातल्या एका मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. तो मुलगा झेरॉक्सच्या दुकानात वीस रुपये देऊन ‘रायगड’ काढून आणतो, दुकानदारच पानं निवडून देतो. ज्या घरात शिकलेला आणि मोकळा माणूस आहे त्या घराला गुण, बाकीच्यांना दुकान. याला मुलाचं मूल्यमापन कसं म्हणायचं?

गृहपाठ बंद करा, असं मी बाईंना सांगितलं नाही. मला ते पटतही नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये प्राथमिकला गृहपाठ नको म्हणताना एक वाट मोकळी ठेवली होती: घरच्या परिसरातला शोध. माझा आग्रह तेवढाच होता. उत्तर जिथे आहे तिथे मुलाला स्वतःच्या पायांनी जाता आलं पाहिजे, नाहीतर स्वतःच्या तोंडाने विचारता आलं पाहिजे. नेट नको, चित्रं नकोत, पाच ओळींच्या वर लिखाण नको. परिसर अभ्यासात पाण्याचा विषय चालू होता. बाईंनी वर्गाला प्रश्न दिला: ‘घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही लहान असताना पाणी कुठून यायचं?’

ओवीची आजी सिन्नर तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती तेरा-चौदा वर्षांची होती. ओवीने वही आणून दाखवली. खाडाखोड केलेलं पान, एकही चित्र नाही.

‘आजी विहिरीवरून पाणी आणायची. दोन हंडे. दुष्काळ पडला तेव्हा आजी खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची. सुकडी गोड होती. ज्वारी लाल होती ती आजीला आवडत नव्हती. विहिरीला थोडं पाणी होतं.’

(सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुरांना मिळणारं पौष्टिक खाणं.) शेवटच्या ओळीखाली तिने स्वतःच प्रश्न लिहिला होता: ‘पाणी होतं तर दुष्काळ कसा?’

बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल जुनी माणसं आजही सांगतात, की प्यायचं पाणी कसंबसं मिळायचं, खायला धान्य नव्हतं. पाऊस नाही म्हणून पीक नाही. पण विंधन विहिरींचा सुळसुळाट व्हायचा होता, जमिनीखालचं पाणी आजच्याइतकं उपसलेलं नव्हतं. हे आठ वर्षांच्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. तिने आजीचं ऐकलं, पुस्तकातलं आठवलं, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही हे तिला दिसलं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हे दिसावं म्हणून मार्गदर्शक डोकं फोडत असतात.

त्या गृहपाठाला आई शेजारी बसली होती, हेही सांगायला हवं. आजी भराभर बोलायची तेव्हा आईने तिला थांबवलं, ‘सुकडी’ कशी लिहायची ते सांगितलं. म्हणजे ओवीने ‘एकटीने’ केलंच नाही. या वयात एकट्याने करण्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो. मोठ्या माणसाने सोबत बसावं, पेन मात्र मुलाच्या हातातून घेऊ नये. वाक्य वेडंवाकडं झालं तर होऊ द्यावं. घरी मी एवढाच नियम घालून दिला, आणि तो पाळणं ओवीपेक्षा बाबांना जड गेलं.

काही पालक म्हणतात, “आमचा तर दुसरीतच डायनासोरवर पुस्तकं वाचतो, नेटवर शोधतो.” शोधू द्या की! ते त्याचं वेड आहे, त्यात लुडबुड करू नका. फक्त त्याच्या वेडाची फूटपट्टी करून बाकीच्या वर्गाला मोजू नका. पाचवी-सहावीत वाचन पक्कं झालं की पुस्तकातून, नेटवरून माहिती काढणं शिकवता येतं, आणि ते शिकवावंच लागतं. नुसतं ‘काढून आणा’ म्हणून येत नाही.

ओवीची रविवारची पोटदुखी हळूहळू कमी झाली. पूर्ण गेलेली नाही. गणिताची चाचणी असली की अजून डोकं वर काढते, त्यावर आमचं काम चालू आहे.

शाळा ऐकून घेत नसेल तर काय, हा प्रश्न राहतो. मी पालकांना वहीत चिठ्ठी लिहायला सांगते. तक्रारीचा सूर नको, जे झालं ते लिहायचं: ‘ओवीने अर्धा तास प्रयत्न केला. तिला जेवढं समजलं तेवढं तिने लिहिलं आहे. नेटवरची माहिती तिला वाचून समजत नाही, म्हणून आम्ही भर घातलेली नाही. तिला तोंडी विचारलंत तर ती जास्त सांगू शकेल.’ खाली सही. पहिल्यांदा हात थरथरतो, गुण जातील अशी भीती वाटते. तिसरी-चौथीच्या त्या गुणांचं पुढे काय होतं, हे दाखवायला मी अशा वेळी बाबांना त्यांची स्वतःची तिसरीची गुणपत्रिका कुठे आहे ते विचारते. बहुतेक शिक्षक अशी चिठ्ठी मानतात. काही जण तर तोंडी विचारतातही, आणि मुलाला पाच ओळींपेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे हे त्यांनाही तेव्हाच कळतं.